दुसऱ्याच्या लाइव्ह चर्चेत बोलून आपला ब्रँड कसा उभा राहतो? खान्देशातल्या उद्योजकांचे नेहमीचे प्रश्न

लाइव्ह चर्चा म्हणजे आपण दुकानातून करतो ते फेसबुक लाइव्हच ना?

तेही त्यात येतं. पण इथे मुख्यतः दुसऱ्यांनी भरवलेल्या चर्चांबद्दल लिहिलं आहे. शेतीच्या एखाद्या यूट्यूब चॅनलवर रात्री केळीचा जाणकार येतो आणि चॅटमध्ये रावेर, यावल, चोपड्याचे शेतकरी प्रश्नांचा पाऊस पाडतात. एक्सवर कोणी तरी लग्नसराईच्या तोंडावर सोन्याच्या भावावर स्पेस, म्हणजे नुसत्या आवाजाची चर्चा, उघडतं. इन्स्टाग्रामवर खाद्यपदार्थांचं पान चालवणारी ताई शेवभाजीवर लाइव्ह करते. व्हॉट्सॲपच्या मोठ्या ग्रुपमध्ये व्हॉइस चॅट सुरू होतं. या सगळ्या ठिकाणी माणसं आधीच जमलेली असतात आणि त्यांना जमवायला तुमचा एक रुपया खर्च झालेला नसतो.

स्वतःचं लाइव्ह म्हणजे स्वतःचा मांडव घालणं. दुसऱ्याची चर्चा म्हणजे भरलेला आठवडे बाजार. नाव नवीन असेल तर आधी बाजारात उभं राहावं, मांडवाचं नंतर बघता येतं.

यातून ब्रँडला नेमकं मिळतं काय?

आधी खान्देशातली एक खास अडचण लक्षात घ्या. जळगाव म्हटलं की सोनं, केळी, भरीत, डाळ. नंदुरबार म्हटलं की मिरची. जळगावच्या केळीला आणि भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. ही नावं पिढ्यांनी कमावलेली आहेत आणि इथल्या प्रत्येक धंद्याला ती आयती मिळतात. पंचाईत एवढीच की ती सगळ्यांनाच मिळतात. पुण्यातलं गिऱ्हाईक ‘जळगावचे केळी वेफर’ मागतं, तुमचे मागत नाही. गावाच्या नावातून स्वतःचं नाव वेगळं काढणं हेच इथल्या ब्रँडचं खरं काम आहे. पाकिटावर अक्षरं मोठी छापून ते होत नाही. ‘त्या दिवशी वेफर मऊ का पडतात हे ज्यांनी सांगितलं ना, ते’ अशी ओळख झाली की होतं.

लाइव्ह चर्चेत ही ओळख लवकर होते, कारण तिथे उत्तर घासूनपुसून देता येत नाही. प्रश्न समोरून येतो, उत्तर तिथल्या तिथे द्यावं लागतं, आणि ऐकणाऱ्याला कळतं की हा माणूस धंद्यात मुरलेला आहे की पाठ केलेलं बोलतोय. छापील जाहिरातीला ही परीक्षा नसते, म्हणून तिच्यावर तेवढा विश्वासही बसत नाही.

दुसरा फायदा फार कमी लोक वसूल करतात. गिऱ्हाईक आपल्या मालाबद्दल कोणत्या शब्दांत बोलतं, हे तिथे फुकट ऐकायला मिळतं. तुम्ही ‘प्रीमियम गुणवत्ता’ छापता आणि लोक विचारतात, “तेल कोणतं?”, “किती दिवस टिकतं?”, “सुरतला पाठवता का?” पुढच्या पाकिटावर काय छापायचं ते या तीन प्रश्नांनीच सांगितलं.

यजमान, वार्ताहर, घाऊक व्यापारी यांच्याशी ओळखी होतात, आणि रेकॉर्डिंगमधून पुढे वापरायला तुकडे मिळतात, हे ओघाने आलंच. पण दुसऱ्या दिवशी ऑर्डरी धो-धो येतील असं कोणी सांगत असेल तर त्याच्यापासून चार हात लांब राहा.

कोणत्या प्लॅटफॉर्मवर जावं?

जिथे तुमचं गिऱ्हाईक बोलतं तिथे. शेतीशी संबंधित माल असेल (रोपं, ठिबक, खतं, अवजारं), तर यूट्यूब आणि फेसबुक. दागिने, कपडे, खाणं असेल तर इन्स्टाग्राम. घाऊक व्यापारी, पत्रकार, धोरणाबद्दल बोलणारी मंडळी एक्सच्या स्पेसमध्ये सापडतात. गावकीचा आणि नात्यागोत्याचा धंदा असेल तर व्हॉट्सॲप ग्रुपला तोड नाही.

पण प्रत्येक ठिकाणचे नियम वेगळे आहेत आणि ते न कळल्यामुळेच पहिला प्रयत्न फसतो. एक्सच्या स्पेसमध्ये ऐकायला कितीही लोक येऊ शकतात, बोलणारे मात्र यजमान आणि सहयजमान धरून एका वेळी १३ च. म्हणून माइकची विनंती लवकर पाठवावी लागते. इन्स्टाग्राम लाइव्हमध्ये यजमानासोबत जास्तीत जास्त तीन पाहुणे बसतात, तेव्हा तिथे आधी निरोप पाठवून जागा ठरवलेली बरी. यूट्यूबच्या लाइव्ह चॅटमध्ये एका संदेशाला २०० अक्षरचिन्हांची मर्यादा आहे, म्हणजे मराठीत जेमतेम दोन-तीन छोटी वाक्यं. शिवाय यजमानाने स्लो मोड लावला असेल तर दोन संदेशांमध्ये थांबावं लागतं.

आमचे फॉलोअर अगदी थोडे आहेत. चालेल का?

दुसऱ्याच्या चर्चेत बोलायला फॉलोअर लागत नाहीत, हीच तर गंमत आहे. स्वतः लाइव्ह करायला मात्र आता अटी आहेत. इन्स्टाग्रामवर ऑगस्ट २०२५ पासून खातं सार्वजनिक हवं आणि किमान १,००० फॉलोअर हवेत. फेसबुक पेजला किमान १०० फॉलोअर आणि खातं ६० दिवस जुनं हवं. यूट्यूबवर मोबाइलमधून लाइव्ह करायला ५० सबस्क्रायबर लागतात, आणि लाइव्हची सोय पहिल्यांदा सुरू करताना २४ तासांपर्यंत वाट पाहावी लागते. पाडव्याच्या सकाळी नवं चॅनल उघडून दुपारी लाइव्ह करायचा बेत म्हणूनच फसतो.

अशा चर्चा शोधायच्या कुठे आणि कशा?

एका कागदावर तुमच्या मालाशी जोडलेले दहा शब्द लिहा, गिऱ्हाईक उच्चारतं तसे: ‘केळी भाव’, ‘केळीवर पट्टे’, ‘हॉलमार्क खरा का’, ‘भरीत पार्टी’, ‘मिरची पथारी’. हे शब्द यूट्यूबवर टाका आणि फिल्टरमध्ये ‘लाइव्ह’ निवडा. जी चॅनलं पुन्हा पुन्हा दिसतील त्यांची घंटा दाबून ठेवा. दोन आठवडे नुसतं ऐका. कोणाच्या चर्चेत प्रश्न वाचले जातात, कोण फक्त स्वतःच बोलतो, कुठे वादावादी होते, हे टिपा. शेवटी पाच-सहा चर्चा हाती लागतात. तेवढ्या पुरेत. पंचवीस ठिकाणी तोंड दाखवणारा माणूस कुठेच लक्षात राहत नाही.

वर्षातला आणि दिवसातला कोणता काळ चांगला?

आपल्याकडचं कॅलेंडर धंद्यागणिक वेगळं. केळीत जून-जुलैची मृगबाग आणि पावसाळ्यानंतरची कांदेबाग या दोन लागवडींच्या आधी महिनाभर रोपांची चर्चा रंगते. जुलै-ऑगस्टमध्ये रोगाची भीती असते, तेव्हा लोक विकत घ्यायला नाही, धीर आणि माहिती घ्यायला येतात. त्या काळात उत्तर देणारा पुढच्या हंगामात आठवतो. नंदुरबारच्या मिरचीची चर्चा ऑक्टोबरपासून तापते आणि पथारीवर माल वाळवायला पसरलेला असताना अवकाळी पाऊस आला की पेटतेच. भरताचा हंगाम थंडीचा. पापड, बिबड्या, कुरडया यांचं बोलणं फेब्रुवारीपासून मेपर्यंत. सोन्याला पाडवा, आखाजी (अक्षय्य तृतीया), दसरा, धनत्रयोदशी. दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा आणि घोडेबाजार, त्या पंधरवड्यात शहादा-दोंडाईचा भागाबद्दल बाहेरचे लोकही ऐकत असतात.

एक काळ मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटतो: श्रावणातला कानबाईचा सण. पुणे, नाशिक, मुंबई, सुरतेतली कुटुंबं त्यासाठी गावी येतात. त्याआधीचे दहा-बारा दिवस बाहेरगावच्या खान्देशी ग्रुपमध्ये काय आणायचं, कुठून न्यायचं हेच चालू असतं. खाण्याच्या धंद्याने त्या दिवसांत तिथे हजर असावंच.

वेळेचं म्हणाल तर शेतकरी रात्री साडेआठनंतर मोकळा होतो, पण कृषिपंपाची वीज रात्रपाळीची असेल तर तो त्याच वेळी शेतात असतो. व्यापारी दुपारी दोन ते चार ऐकतो. घर सांभाळणाऱ्या गिऱ्हाइकाला दुपारी तीनची वेळ सोयीची.

बोलायची संधी मिळाली तर किती आणि काय बोलायचं?

दीड मिनिट. साधारण दीडशे शब्द. त्यापुढे यजमान अस्वस्थ होतो आणि ऐकणारा दुसऱ्या ॲपवर जातो.

पहिल्या दहा सेकंदांत नाव, गाव आणि धंदा. ‘नमस्कार, मी अमुक, चोपड्याहून, आमची टिश्यू कल्चर रोपांची नर्सरी आहे.’ संपलं. स्थापना कधी झाली, वडिलांनी काय केलं, किती पुरस्कार मिळाले, हे कोणी विचारलेलं नाही. मग थेट प्रश्नाला हात घाला. समजा, कोणी विचारलं आहे की केळीच्या कोवळ्या पानांवर पिवळे पट्टे दिसतात. बोलणं असं व्हावं:

“नाना, हा सीएमव्ही, म्हणजे कुकुंबर मोझॅक विषाणू, असू शकतो. त्याला औषध नाही, हे आधीच सांगतो, म्हणजे फवारणीवर पैसे जाणार नाहीत. पट्टे दिसलेलं रोप मुळासकट काढा आणि बागेबाहेर नेऊन नष्ट करा. हा रोग मावा पसरवतो, म्हणून मावा आटोक्यात ठेवा. बागेत काकडी-भोपळ्याच्या जातीचं आंतरपीक असेल तर तेही काढा, विषाणू त्यावरही राहतो. तुमची लागवड होऊन किती दिवस झाले आणि किती रोपांवर दिसतंय, एवढं सांगा.”

यात स्वतःच्या रोपांचं नाव एकदाही आलेलं नाही. शेवटी उलट प्रश्न आला आहे, आणि तो फार महत्त्वाचा. नवखा माणूस उत्तर देऊन मोकळा होतो. जाणता आधी विचारतो. ऐकणाऱ्या दोनशे जणांना हा फरक न सांगता कळतो.

वेफरवाल्याचं उदाहरण घ्या. ‘घरी आणल्यावर चार दिवसांत मऊ पडतात’ असा प्रश्न आला. उत्तर: गरम असताना पाकीट बंद केलं तर आतली वाफ थंड होऊन ओल धरते, म्हणून तळल्यावर पूर्ण गार होऊ द्यायचे आणि मगच सील करायचं. घरी पाकीट फोडल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात काढायचे, चिमट्याने पाकीट बंद करून पावसाळ्यात भागत नाही. हे सांगितल्यावर लोक स्वतःच विचारतात, “दादा, तुमचे कुठे मिळतात?” तेव्हा सांगा.

पण मग आपल्या मालाचं नाव घ्यायचंच नाही का?

घ्यायचं. विचारल्यावर, एकदा, किंमत आणि मिळण्याच्या ठिकाणासकट. आणि खात्याचं नाव तुमच्या धंद्याचंच ठेवा: ‘राजा_किंग_९९’ अशा नावाने बरोबर उत्तर दिलं तर ते वाया गेलं. खात्यावरच्या परिचयात गाव, माल आणि व्हॉट्सॲपची लिंक असली की बाकीचं काम ती करते. चॅटमध्ये फोन नंबर टाकणं टाळा. बहुतेक यजमान असा संदेश उडवतात, आणि नंबर भलत्यांच्या हाती पडतो ते वेगळंच.

अहिराणीत बोललं तर लोक हसतील का?

काही ठिकाणी हसतील, आणि ते चालू द्यावं, कारण तेच लोक थांबून ऐकतातही. नियम साधा ठेवा. विचारणाऱ्याची बोली ती तुमची बोली. त्याने अहिराणीत विचारलं तर अहिराणीत उत्तर द्या आणि मग एका वाक्यात मराठीत सार सांगा, बाकीचे बाहेर राहायला नकोत. पुण्या-सुरतेत राहणाऱ्या खान्देशी माणसाला “कोणतं गाव शे भो?” एवढं ऐकलं तरी तो चर्चा सोडून जात नाही.

ओढूनताणून मात्र नको. रावेर-यावलच्या पट्ट्यात लेवा गणबोली चालते, नंदुरबारच्या डोंगराळ भागात भिल्ली, पावरी. जी येत नाही ती बोली वापरली की पहिल्याच वाक्यात पकडले जाता. वयाने मोठ्या माणसाला ‘आप्पा’, ‘नाना’, ‘अण्णा’, बाईमाणसाला ‘ताई’. ‘सर’ आणि ‘मॅडम’ इथे परके वाटतात, सोन्याच्या दुकानाचा अपवाद सोडून.

बोलायचं कोणी? मालकाने, मुलाने की एजन्सीने?

ज्याला माल कळतो त्याने. खान्देशातल्या बऱ्याच धंद्यांत मोबाइल मुलाच्या हातात आणि माहिती वडिलांच्या डोक्यात असते. तेव्हा मुलाने चॅट वाचावं, प्रश्न निवडावा, वेळ सांभाळावी आणि वडिलांनी बोलावं. एजन्सीने पोस्टर करावीत, चर्चा शोधून द्याव्यात. तिचा माणूस तुमच्या नावाने बोलायला बसला की ‘शेंगदाणा तेलात तळता की पाम तेलात’ या पहिल्याच प्रश्नाला अडखळतो. बचत गट असेल तर दोन महिला ठरवून ठेवा, एक बोलणारी आणि एक बाजूला बसून मालाचा भाव, वजन, उरलेला साठा लिहून दाखवणारी.

चॅटमध्ये भराभर उत्तरं टाइप होत नाहीत. उपाय?

आधीच वीस उत्तरं लिहून मोबाइलच्या नोट्समध्ये ठेवा, प्रत्येक २०० अक्षरचिन्हांच्या आत. तेल, टिकण्याचे दिवस, पाठवण्याचा खर्च, हॉलमार्क कसा तपासायचा, असे प्रश्न पुन्हा पुन्हा येतातच. कॉपी करताना सुरुवातीला विचारणाऱ्याचं नाव आणि एखादा त्याच्यापुरता शब्द घाला. एकच मजकूर जसाच्या तसा पाच वेळा टाकलात तर यूट्यूब त्याला स्पॅम समजतं, आणि माणसंही. बोलून टाइप करणार असाल तर पाठवण्याआधी वाचा. खान्देशी उच्चारावर कीबोर्ड अजून बराच अडखळतो.

भर चर्चेत कोणी आपल्याच मालाची तक्रार केली तर?

सगळ्यांना याचीच धास्ती असते. खरं तर वर्षभराच्या जाहिरातीपेक्षा मोठं काम इथल्या दोन मिनिटांत होऊ शकतं, मोडूही शकतं.

समजा कोणी लिहिलं: ‘यांचे वेफर घेतले, खवट निघाले.’ एका मिनिटाच्या आत त्याचं नाव घेऊन उत्तर द्या. गप्प बसलात तर ऐकणारे गप्प बसण्याचा अर्थ लावतात. ‘असं होऊच शकत नाही’ हे वाक्य तोंडातून काढू नका. ‘भाऊ, असं झालं असेल तर वाईट झालं. पाकिटावरची पॅकिंगची तारीख आणि बॅच नंबर तेवढा मेसेजमध्ये पाठवा’ एवढं म्हणा. मग बाकीच्यांसाठी कारण सांगा: तेल जुनं झालं, किंवा पाकीट उन्हात आणि उजेडात टांगून राहिलं, की वेफर खवट होतात. तुमची चूक असायची शक्यता त्यातून लपवू नका. नंतर काय करणार ते वेळेसकट सांगा: ‘उद्या दुपारपर्यंत फोन करतो, माल बदलून देतो.’

चूक पुढच्या टप्प्यावर होते. माल बदलून दिला जातो, पण ज्या लोकांनी तक्रार ऐकली त्यांना ते कळतच नाही. त्याच चर्चेच्या खाली किंवा पुढच्या आठवड्याच्या चर्चेत एका ओळीत लिहा की काय सापडलं आणि काय केलं. गिऱ्हाइकाचं नाव त्याची परवानगी असेल तरच.

आणि निव्वळ उपद्रव द्यायला आलेल्याला? एकदा सभ्य उत्तर, मग मौन. दुसऱ्याच्या मांडवात भांडण लावणारा पाहुणा पुन्हा बोलावला जात नाही, दोष कोणाचाही असो.

आपल्याकडूनच चुकीची माहिती बोलली गेली तर?

लक्षात येताच, त्याच चर्चेत, त्याच आवाजात दुरुस्त करा. चर्चा संपल्यावर कळलं तर यजमानाला सांगून व्हिडिओखाली दुरुस्ती लिहायला लावा. रेकॉर्डिंग राहतं, आणि शेतीच्या चुकीच्या सल्ल्याचा खर्च दुसऱ्याच्या शेतात होतो.

कायद्याच्या कोणत्या गोष्टी सांभाळायच्या?

बोललेली गोष्टही जाहिरात ठरू शकते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल १० लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. कोणाला पैसे किंवा फुकट माल देऊन चर्चेत आपल्याबद्दल बोलायला लावलं असेल तर ते उघड सांगणं बंधनकारक आहे. लाइव्हमध्ये सुरुवातीला एकदा सांगून भागत नाही, ती सूचना पूर्ण वेळ पडद्यावर दिसायला हवी.

खाण्याच्या मालाला एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) १४ आकडी नंबर हवा, घरगुती धंद्यालाही. ‘कळण्याची भाकरी खाऊन शुगर बरी होते’ असलं काही चुकूनही बोलू नका. मधुमेहासारख्या आजारांवर उपचाराचा दावा करणाऱ्या जाहिरातींना १९५४ च्या औषधे आणि जादुई उपाय कायद्याने मनाई आहे, आणि खाद्यपदार्थांवरचे दावे वेगळ्या नियमांत अडकतात. ‘ज्वारी आणि उडदाच्या पिठाची’ म्हणा, पुरेसं आहे.

सराफांसाठी लाइव्ह चर्चा म्हणजे सोन्यासारखीच संधी आहे, कारण लोकांना हॉलमार्कचं अर्धवट माहीत असतं. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर एचयूआयडी हा सहा अक्षर-अंकी ओळख क्रमांक असल्याशिवाय तो विकता येत नाही. बीआयएस केअर ॲपमध्ये तो क्रमांक टाकून गिऱ्हाइकाला स्वतः तपासता येतो. कॅमेऱ्यासमोर एक दागिना धरून हे करून दाखवा. दोन मिनिटं लागतात. मजुरी आणि घट यांचा हिशेब मात्र तोंडी सांगू नका, कागदावर लिहून कॅमेऱ्याला दाखवा. ऐकताना आकडे उलटेपालटे होतात आणि भांडण काउंटरवर येतं.

मानांकनाबद्दल एक बारीक मुद्दा. जळगावच्या केळीला मानांकन आहे म्हणून प्रत्येक व्यापाऱ्याला ते चिन्ह लावता येत नाही. त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. चर्चेत ‘आमच्या केळीला मानांकन आहे’ म्हणण्याआधी ती नोंदणी आहे का ते पाहा.

मोबाइल, नेट, आवाज यांची तयारी कशी करावी?

नुसतं बोलायचं असेल तर साध्या ४जी वर भागतं. चेहरा दाखवायचा असेल तर ७२० पी साठी अपलोड वेग ४ एमबीपीएस लागतो, सवड धरून ६ असावा. वेग तपासताना लोक डाउनलोडचा आकडा बघून खूश होतात, इथे अपलोडचा बघायचा. ४ एमबीपीएस म्हणजे तासाला साधारण १.८ जीबी डेटा. रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकवर चर्चा अध्येमध्ये तुटते ती यामुळे. दुसऱ्या कंपनीचं सिम असलेला मोबाइल हॉटस्पॉटसाठी शेजारी ठेवा, आणि राउटर इन्व्हर्टरवर घ्या. वीज गेली की दिवा नाही, आधी राउटर बंद पडतो.

आवाजाचा पहिला शत्रू आपला कूलर. माणसाच्या कानाला त्याची सवय झालेली असते, माइकला नसते. दीड तास कूलर आणि पंखा बंद ठेवणं उन्हाळ्यात अवघड, म्हणून आधी खोली गार करून घ्या आणि बोलायच्या दीड मिनिटापुरता तो बंद करा. कॉलरला लावायचा वायरचा माइक असेल तर उत्तम, नसेल तर वायरचे इअरफोन. डाळ मिलमध्ये किंवा तळणाच्या कढईशेजारी उभं राहून लाइव्हमध्ये शिरू नका, दिसायला छान दिसतं पण शब्द कळत नाहीत.

उष्म्याचं गांभीर्य बाहेरच्या मार्गदर्शकांना नसतं. आयफोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरायचा असं ॲपलच सांगतं, आणि भुसावळ-जळगावात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. तापलेला फोन आधी पडदा मंद करतो, मग व्हिडिओ अडखळतो, मग बंदच पडतो. बागेतून दाखवायचं असेल तर सकाळी आठच्या आत. कव्हर काढा, चार्जिंगला लावून लाइव्ह करू नका.

चर्चा संपल्यावर काय करायचं?

त्याच रात्री यजमानाला दोन ओळींचं आभाराचं पत्र, आणि चर्चेत अनुत्तरित राहिलेल्या एखाद्या प्रश्नाचं उत्तर. दुसऱ्या दिवशी ज्यांनी मेसेज केला त्यांना नावाने उत्तर. तुमच्या बोलण्याचा दीड मिनिटाचा तुकडा काढून, यजमानाच्या परवानगीने, त्याच्या नावासकट तुमच्या पानावर टाका. हे लांबवू नका. फेसबुकवर १९ फेब्रुवारी २०२५ पासून नवे लाइव्ह व्हिडिओ ३० दिवसांनी काढून टाकले जातात. स्पेसचं रेकॉर्डिंग तर यजमानाने ते सुरू केलं असेल तरच मिळतं. पार्श्वभूमीला गाणं वाजत असेल तर तो तुकडा सोडा, कॉपीराइटमुळे आवाज बंद होतो.

फायदा झाला की नाही हे मोजायचं कसं?

लाइक मोजू नका. एक वही करा: तारीख, कोणाची चर्चा, कोणत्या प्रश्नाला उत्तर दिलं, नंतर किती जणांनी विचारणा केली, त्यातले किती गिऱ्हाईक झाले. व्हॉट्सॲप बिझनेसच्या लिंकमध्ये आधीच लिहिलेला मजकूर घालता येतो. प्रत्येक चर्चेसाठी तो थोडा वेगळा ठेवा, ‘केळीच्या चर्चेत ऐकलं’ असा, म्हणजे विचारणा कुठून आली ते आपोआप कळतं. काउंटरवर ‘आमचं नाव कुठे ऐकलंत?’ हा प्रश्न रोज विचारायचा. आणि गुगलच्या बिझनेस प्रोफाइलमध्ये लोक कोणते शब्द शोधून तुमच्यापर्यंत आले ते दिसतं. तिथे ‘जळगाव वेफर’च्या जोडीला तुमच्या धंद्याचं नाव दिसायला लागलं, की काम होतंय.

आठवड्याला दोन चर्चा धरल्या तर तीन महिन्यांत पंचवीसेक हजेऱ्या होतात. त्याआधी निकाल लावू नका. त्यानंतरही वहीचा शेवटचा रकाना कोराच असेल तर चर्चा बदला, बोलणं नंतर बदला. बहुतेक वेळा माणूस बरोबर असतो आणि बाजार चुकीचा.

स्वतःची चर्चा कधी भरवावी?

जेव्हा दुसऱ्यांच्या चर्चेतले लोक तुम्हाला ‘तुम्ही का नाही करत?’ असं विचारायला लागतील तेव्हा. ठरलेला वार, ठरलेली वेळ, एकच विषय, आणि पहिल्या खेपेला एक पाहुणा असा बोलवा जो तुमचा माल विकत नाही.

राजकारणाच्या चर्चेत जावं का?

केळीच्या भावावर, विजेवर, पीकविम्यावर बोलणं धंद्याचाच भाग आहे. कोणत्या पुढाऱ्यामुळे काय झालं, तिथे आपला माइक बंद.

तासभर बसूनही बोलायला मिळालंच नाही तर?

बहुतेकदा असंच होतं. तो तास प्रश्न लिहून घेण्यात घालवा. पंधरा-वीस प्रश्न मिळतात, त्यातले तीन कोणालाच नीट सुटलेले नसतात. त्या तीन प्रश्नांची उत्तरं चर्चेखाली टाका आणि यजमानाला कळवा. पुढच्या आठवड्यात माइक मागायच्या आधीच त्याला तुमचं नाव ठाऊक झालेलं असतं.